नववीच्या पोराच्या हातात दाखला देऊ नका, सर

सोलापूर शहरातल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका, संस्थाचालक आणि शिक्षक-पालक संघाचे सभासद यांस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकीच एका शाळेत मी 31 वर्षं शिपाई होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते वाचून निदान चार-पाच हेडसरांना ते आपल्याच शाळेचं वाटेल. शिपायाने हेडसरांना पत्र लिहायची रीत नाही. पत्रं तुमच्याकडून निघायची आणि मी पोचवायचो. या वेळी उलटं झालंय, सांभाळून घ्या.

शाळेची सूचना वही 31 वर्षं माझ्या काखेत होती. एका वर्गात सूचना वाचून होईपर्यंत दाराशी उभं राहायचं, बाईंची सही घ्यायची आणि पुढच्या वर्गात जायचं. त्यामुळे एकेक सूचना मी दिवसात वीस-वीस वेळा ऐकलीय. तंबाखूच्या तर पाठच झाल्या. शाळेपासून 100 यार्डांच्या आत विक्री बंद, 18 वर्षांखालच्याला विकणं गुन्हा, कायदा 2003 चा. जुलै 2012 मध्ये राज्यात गुटखा बंद झाला, ती सूचना. 2019 ला ई-सिगारेट बंद झाली, ती सूचना. सप्टेंबर 2020 ला राज्यात सुटी सिगारेट विकायला बंदी आली, तेव्हा कोरोनामुळे शाळाच बंद होत्या. ती सूचना माझ्या पायांना लागलीच नाही, फोनवर गेली.

वहीशिवाय माझ्या हातात दुसरी वस्तू असायची, झाडू. वहीत काय बंद झालं ते लिहिलेलं असायचं आणि झाडूखाली काय चालू आहे ते निघायचं. पाण्याच्या टाकीमागे, मुताऱ्यांच्या खिडकीत, सायकलच्या सीटखाली. बाकाच्या लोखंडी पाइपाचं बूच निघालेलं असेल, तर त्या पोकळीत हमखास काहीतरी कोंबलेलं असतं, हे अजूनही फार शिक्षकांना माहीत नाही. गुटखा बंद झाल्यावर काही दिवस पुड्या कमी झाल्या. मग एकाऐवजी दोन निघू लागल्या, पानमसाल्याची वेगळी आणि तंबाखूची वेगळी, तोंडात एकत्र करायच्या. आणि मावा तर होताच. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घालून वर रबर लावलेलं. त्या रबरांचा मी एकदा सहज गोळा करत गेलो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो लिंबाएवढा झाला होता.

पिवळी रेघ आखली तो दिवस आठवतो. चित्रकलेच्या सरांनी आणि मी टेप धरला. 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. आमचा टेप 30 मीटरचा, त्यामुळे तीनदा उचलून लावायचा होता. कोपऱ्यावर दुसरं टोक धरायला माणूस नव्हता, तर टपरीवालाच पुढे आला आणि टोक धरून उभा राहिला. रेघ त्याच्या टपरीच्या पलीकडे गेली. चार दिवसांनी टपरी रेघेच्या पलीकडे गेली. आता तो म्हणतो, आपण कायद्यात आहोत की हो.

त्याला हसणं सोपं आहे. पण त्याच्याकडे पोरं पहिल्यांदा कशी जातात, ते मला लिहायचंय. त्यासाठी माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही.

मी तंबाखू खायचो. चुन्याची डबी खिशात, दिवसाला एक पुडी. शाळेत असताना बाहेर जाता येत नसे. मग एखाद्या पोराला हाक मारायची, ‘‘ए, जा बे, पुडी आण.’’ पोरं खुशीने जात, तासाला बाहेर पडायला मिळायचं. त्यात पाचवीतलं एक चुणचुणीत पोरगं होतं. पुढे पुढे ते स्वतःच विचारायचं, ‘‘मामा, तुमची पुडी आणू का?’’ टपरीवाल्याने त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘‘शाळेतल्या मामाची आहे’’ हे उत्तर तयार होतं, आणि ते खरंही होतं. एखाद-दोन शिक्षकांच्या पुड्याही तेच आणायचं. म्हणजे पाचवीपासून आठवीपर्यंत त्या पोराला टपरीची वाट आम्हीच रोज घोकून घेतली. पाढे घोकून घेतो तशी.

नववीत ते सापडलं. दप्तरात माव्याच्या चार गोळ्या. त्यातल्या दोन विकायच्या होत्या म्हणे. वडिलांना बोलावलं. टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला माणूस कार्यालयात उभ्या उभ्या पेंगत होता. ‘‘तुम्ही स्वतःहून अर्ज द्या, शेऱ्यात काही लिहीत नाही,’’ असं त्यांना सांगण्यात आलं. अर्ज मी लिहून दिला, कारण वडिलांना मराठी लिहिता येत नव्हतं. घरी तेलुगू. दाखल्यावर शिक्का मी मारला. वर्तणूक ‘चांगली’. पोराला फाटकापर्यंत सोडायला मीच गेलो. खिशात माझी पुडी होती, त्याच पोराने आदल्या आठवड्यात आणून दिलेली.

नववीतच का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दहावीला निकालाची टक्केवारी असते. मधे उरते नववी. ज्याच्यामुळे निकाल खाली येईल किंवा शाळेचं नाव खराब होईल, ते पोरगं त्या एका वर्षात बाहेर जातं. कुणी काढलं असं कागदावर कुठेच दिसत नाही, कारण अर्ज पालकांचा असतो. मी असे अर्ज बरेच लिहून दिलेत. अक्षर माझंच आहे, तुमच्या फायलीत सापडेल.

शाळेतून गेलेल्या पोराचा दिवस कसा जातो, तेही सांगतो. आमच्या पूर्व भागात आई विडी वळते आणि बाप लूमवर असतो. माझीही अम्मा विडीच वळायची. रात्री पानं भिजवायची, पहाटे साचा ठेवून कातरायची, दिवसाला हजार विड्या आणि मग कारखान्यात जाऊन द्यायच्या. विडीची तोंडं मुडपायला आम्ही भावंडं बसायचो. माझी फी तंबाखूच्या पैशातून भरली गेलीय, त्यामुळे तंबाखू हे पाप आहे असलं भाषण माझ्या तोंडून निघत नाही. एकदा 26 जूनला मैदानावर शपथ चालली होती, ‘मी तंबाखूला हात लावणार नाही.’ पहिल्या रांगेतली आठवीतली एक मुलगी शपथ झाल्यावर मला हळूच म्हणाली, ‘‘मामा, हात तर लावावा लागतो की.’’ घरी जाऊन तिला विड्यांचे कट्टे बांधायचे होते. शपथ लिहिणाऱ्याला हे सुचलं नसेल. आमच्या गावात तरी सुचायला हवं होतं.

तर अशा घरातलं पोरगं दुपारी घरी थांबत नाही. ते बापाच्या ओळखीने लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला जातं. बारा तासांची पाळी. झोप येते, भूक लागते आणि शेजारचा मोठा माणूस मायेने तळहात पुढे करतो, ‘‘घे थोडी, झोप जाते.’’ यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. मग मिरवणूक येते. ती कुठलीही असो, डीजेमागे नाचणाऱ्यांत पंधरा वर्षांची पोरं असतात आणि त्यांच्या हातात बाटली कुणीतरी दिलेली असते. राज्यात बिअरला 21 आणि दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, हे त्या गर्दीत कुणाला आठवत नाही. मोबाइलमध्ये धूर सोडण्याचे व्हिडिओ आहेत, टीव्हीवर मोठमोठे नट वेलदोड्याची जाहिरात करतात आणि पोरं त्या पाकिटाचा रंग बघून टपरीवर नेमकं दुसरंच मागतात. हे सगळं आहेच. पण शाळेत असलेल्या पोराला दिवसाचे निदान सहा तास कुणीतरी बघत असतं. दाखला दिल्यावर ते सहा तासही आपण त्याच लोकांना देऊन टाकतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये चिंचोळी एमआयडीसीत मुंबई पोलिसांनी एमडी नावाच्या अमली पदार्थाचा कारखाना पकडला, तेव्हा महिनाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. आठ किलो माल, सोळा कोटी. मी चहा देत होतो आणि ऐकत होतो. सगळे घाबरले होते, आणि घाबरण्यासारखंच होतं ते. पण त्याच दिवशी मी सातवीच्या वर्गाबाहेरून तीन पुड्या उचलल्या होत्या आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारलं नाही. कोटीचा आकडा आला की दहाची नोट दिसेनाशी होते. आपल्या पोरांच्या हातात मात्र दहाचीच नोट असते.

एका प्रशिक्षणात असाच चहा देताना एक आकडा कानावर पडला आणि तो अजून जात नाही. 2019 च्या देशभरातल्या पाहणीत 13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांपैकी 8.5 टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. साठच्या वर्गात पाच धरा. आणि न ओढता खायची-लावायची तंबाखू ज्यांनी कधी घेतली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांनी ती दहावा वाढदिवस व्हायच्या आत घेतली होती. म्हणजे चौथीत. म्हणजे पुडी आणायला पाठवायच्या वयात.

आता थोडं माझ्या अनुभवाचं. तुम्ही बघता ते समोरून, मी बघितलंय ते पाठीमागून.

चौथ्या तासाला रोज पाणी प्यायला सुटणारं, परत आल्यावर शांत आणि न सोडल्यास बाक वाजवणारं पोरगं उनाड म्हणून मार खातं. तंबाखू सुटलेल्या माणसाला कसं होतं ते मला अंगाने माहीत आहे. डोकं जड होतं, कुणी हाक मारली तरी राग येतो, हात कशात तरी घालावासा वाटतो. त्या वेळी छडी बसली तर पोरगं सुट्टीत कुठे जाईल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, डबा बघा. आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न खाणारं पोरगं म्हणजे नवलच. चटणी बाजूला ठेवायला लागलं, भजी नको म्हणायला लागलं, पाणी सारखं पिऊ लागलं, तर त्याचं तोंड बघा. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते, आधी तिखट झोंबतं आणि मग जबडा उघडेनासा होतो. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरांनी मला सोपी खूण सांगितली. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घालायची. जात असतील तर ठीक. ‘‘तंबाखू नाही हो, नुसती गोड सुपारी खातो,’’ असं म्हणणाऱ्यालाही हे होतं, कारण मूळ दोष सुपारीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 पासून सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगाचं कारण मानलेलं आहे. आणि आपल्याकडे तर बारशापासून पानसुपारी.

तिसरं जरा भीतीचं आहे. पंक्चरचं सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगणारी पोरं. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या 2019 च्या सर्वेक्षणात नशेचा हाच एक प्रकार असा निघाला, ज्यात मोठ्यांपेक्षा 10 ते 17 वयाच्या मुलांचं प्रमाण जास्त आहे, मोठ्यांत 0.58 टक्के आणि मुलांत 1.17. असं पोरगं मुतारीत दिसलं की आपण काय करतो? ओरडतो आणि पाठलाग करतो. तेच करायचं नाही. हुंगलेल्या अवस्थेत दचकून पळालं तर हृदयाचे ठोके बिघडून ते जागेवर जाऊ शकतं, पहिल्यांदा हुंगलेलं असलं तरी. आवाज न चढवता रुमाल काढून घ्यायचा, उघड्या हवेत बसवायचं आणि दवाखान्यात न्यायचं. मी एकदा शिट्टी वाजवत मागे पळालोय. त्या वेळी नशीब बरं होतं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, एका पोरामुळे बाकीची बिघडतात, आम्ही चाळीस पालकांना काय सांगायचं? प्रश्न खोटा नाही. शाळेत विकणारं पोरगं तसंच सोडून द्या, असं मीही म्हणणार नाही. पण त्याला विकायला कोण देतं, ते आपण कधी विचारलं? बाल न्याय कायदा 2015 चा. त्याच्या 77 कलमाप्रमाणे मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तंबाखूच्या 2003 च्या कायद्यात हाच गुन्हा 200 रुपयांवर सुटतो. 200 ची पावती मी फाडलेली बघितलीय. 77 कलम लावा असं पत्र कुठल्या शाळेने पोलिसांना लिहिल्याचं मात्र माझ्या जावक वहीत तरी नाही. पोराला बाहेर काढायला एक दिवस लागतो. देणाऱ्याला हात लावायला कुणाला वेळ नसतो.

पोलिसांचंच उदाहरण देतो. मुळेगाव तांड्याची हातभट्टी सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. 2021 मध्ये ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. धाडी तर पडल्याच, पण अधिकाऱ्यांनी एकेक गाव वाटून घेतलं आणि दारू गाळणाऱ्यांना दुसरं काम कसं मिळेल ते बघायला बसले. दंडुका हाती असलेल्या खात्याला कळलं की नुसतं हाकलून माणूस दुसऱ्या ओढ्याकाठी भट्टी लावतो. खडू हाती असलेल्यांनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही. (रागावू नका, मी आता पेन्शनीत आहे.)

शपथ आणि फेरीबद्दल मला फार बोलायचं नाही. 31 मेचा तंबाखूविरोधी दिन उन्हाळी सुट्टीत येतो. 26 जूनचा अमली पदार्थविरोधी दिन शाळा उघडून दहा-बारा दिवस झालेले असताना, अर्ध्या पोरांना गणवेश मिळालेला नसताना. फेरी पार्क चौकापर्यंत जाते, फोटो निघतो, फोटो वर पाठवला जातो. फलक उचलून परत आणायचं काम माझं होतं. दर वर्षी त्याच पुठ्ठ्यांवर नवा कागद चिकटवायचो.

मला विचाराल तर पहिलं काम फुकटातलं आहे. शाळेतल्या कुठल्याही मोठ्या माणसाने कुठल्याही पोराला पुडी, विडी, सिगारेट, काडेपेटीसुद्धा आणायला पाठवायचं नाही. सूचना वहीत लिहून शिक्षकांची, लेखनिकाची आणि शिपायाची सही घ्या. पालकसभेत बापांना हेच सांगा. तंबाखू सोडा म्हणाल तर ते मान डोलवून घरी जातील, पण स्वतःची स्वतः आणा म्हणाल तर निदान विचार करतील. आणि स्टाफरूममध्ये ज्यांच्या ड्रॉवरमध्ये पुडी आहे त्यांना पोराच्या दप्तराची झडती घ्यायला लावू नका. पोरांना सगळं माहीत असतं, कुणाची पुडी कुठल्या ड्रॉवरमध्ये ते.

पोरगं सापडलं तर दाखल्याच्या आधी सिव्हिलची चिठ्ठी द्या. तिथे मानसोपचार विभाग आहे. कोणीतरी एक शिक्षक बरोबर जावा, कारण आईचा दिवस बुडाला तर हजार विड्यांची मजुरी बुडते. जाता येत नसेल तर फोन आहेत. तंबाखू सोडायला 1800-11-2356, दारू आणि इतर नशेसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416. पहिला नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. 2018 पासून आहे. मी रोज पुडी फोडत होतो आणि तो वाचत नव्हतो. त्या पोराचा दाखला दिल्यावर सहा-सात महिन्यांनी एका रात्री वाचला आणि लावला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, तलफ आली की पाच मिनिटं काढा, ती ओसरते. बडीशेप आणि धनाडाळीवर मी ती पाच-पाच मिनिटं काढली. दोनदा घसरलो. तिसऱ्यांदा सुटली. मला घसरूनही कुणी नोकरीवरून काढलं नाही, हेही लिहायला हवं.

आणि पाच ते सातची वेळ. शाळा सुटते, घरी कुणी नसतं, मैदानाला कुलूप. कुलूप मीच लावायचो. भिंतीबाहेर पोरं बसलेली असायची आणि आत एवढं मैदान रिकामं. दोन तास फाटक उघडं ठेवायला चेंडू आणि एक माणूस लागतो. माणूस मी आहे, पगार नको.

ते पोरगं मागच्या वर्षी अक्कलकोट रोडला एका कारखान्यात दिसलं. आता पोरगं कसलं, मिसरूड फुटलंय. कांड्या भरत होतं. मला बघून उठलं आणि हसलं, पण तोंड पुरतं उघडलं नाही. मी तीन बोटं घालून बघायला सांगितली, दोनच गेली. सिव्हिलला घेऊन गेलो, उपचार चालू आहेत. निघताना म्हणालं, ‘‘मामा, 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते म्हणे. पण दाखला हरवलाय. दुसरी प्रत मिळंल का?’’ मी शाळेत दोनदा गेलो. साहेब मीटिंगला होते. नंतर लेखनिक नवीन होते, त्यांना रजिस्टर सापडलं नाही.

17 नंबरच्या अर्जांची मुदत दर वर्षी असते, तशी यंदाही येईल. तुमच्यापैकी ज्यांच्या शाळेतलं हे पोरगं आहे, त्यांना पत्र इथवर वाचून कळलंच असेल. जुनं जनरल रजिस्टर कार्यालयातल्या लोखंडी कपाटात खालून दुसऱ्या खणात आहे, हिरव्या कापडात बांधलेलं. कपाटाचं दार अडतं, डाव्या बाजूने थोडं उचलून ओढावं लागतं. नाहीच उघडलं तर निरोप द्या, मी येतो.

आपला,
शाळेतला मामा
सोलापूर